भरपाईची पाणथळ

पुलासाठी नदीकाठची पाणथळ बुजवली, म्हणून आमच्या खात्याला दुसरीकडे तशीच एक बनवून द्यायची होती. नियमच आहे तसा. दुसऱ्याचा कप आपल्या हातून फुटला की नवा आणून द्यायचा, त्यातलाच प्रकार. फक्त इथे कप बेडकांचा होता आणि बेडूक तक्रारही करत नाहीत आणि आभारही मानत नाहीत, त्यामुळे आपण नीट भरपाई केली की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही.

नवी जागा शहराबाहेर, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या खड्ड्यांत होती. तिथे आम्ही चौघं काम करायचो. साहेब, ज्यांना आयुष्यात एकच वाक्य सापडलं होतं आणि ते त्यांनी जपून वापरलं होतं: "जसं होतं तसं." बेडूकताई, जिनं बेडकांवर इतका अभ्यास केला होता की कुणाचा घसा बसला तरी ती बेडकाची जात ओळखायला जायची. पोकलेन चालवणारे पोकलेनमामा, ज्यांचा दावा होता की त्या राक्षसाच्या पंजानं ते उकडलेलं अंडं सोलू शकतात. एकदा प्रयोग झाला. अंड्याबद्दल पुढे कुणी बोललं नाही. आणि मी. माझं काम आवाजाचं, म्हणून मला ऑफिसात भोंगा म्हणायचे.

पाणथळ नुसती खणून होत नाही. खड्डा खणून पाणी सोडलं तर फक्त पाणी भरलेला खड्डा तयार होतो. म्हणून आम्ही जुन्या काठाचा गाळ ट्रकांनी आणून नव्या काठावर पसरला. त्या गाळात बिया असतात, किड्यांची अंडी असतात, आणि काय काय असतं ते कुणी चाळून पाहत नाही. जुनी लव्हाळी मुळासकट आणून लावली. काठच्या वाळुंजीच्या झाडांच्या फांद्या खोचल्या. कुजलेले ओंडकेसुद्धा आणले. ते उतरवताना पोकलेनमामा म्हणाले, "माझं घर बदललं तेव्हा बायकोनं जुना पलंग आणू दिला नाही. इथे सडकी लाकडं चालतात."

एवढं करून बेडूक येईनात.

"येणार कसे?" बेडूकताई म्हणाली. "शांतता आहे इथे. रिकाम्या हॉटेलात तू जेवायला बसशील का? बेडूक पण गर्दी ऐकून ठरवतात."

मग माझं काम सुरू झालं. पाण्याच्या कडेला एक खांब रोवून त्यावर स्पीकर बसवला आणि रोज संध्याकाळी त्यावर जुन्या पाणथळीचा आवाज लावायला लागले. आवाज माझ्याकडे होता, कारण आमचं घर त्याच काठावर होतं. घर पाडायच्या आधीच्या शेवटच्या पावसाळ्यात मी मागच्या दारात उभी राहून तो रेकॉर्ड केला होता. त्यात बेडूक आहेत, रातकिडे आहेत, पाण्यात काहीतरी बुडुक झाल्याचा आवाज आहे. आणि अगदी शेवटी माझी आई आहे.

"अहो! ताट वाढलंय. या आता."

मी म्हटलं, हा तुकडा कापते. साहेब म्हणाले, "काहीही कापायचं नाही. जसं होतं तसं."

"साहेब, आई बेडूक नाही."

"ते बेडकांना ठरवू दे."

आता आईची ही हाक कुणासाठी होती ते सांगते. बाबा त्या काठावर नाव चालवायचे. लोकांना ऐलतीरावरून पैलतीरावर न्यायचे, म्हणजे आज जे काम पूल करतो तेच, पण बोलत बोलत. मी रांगत होते तेव्हा एका संध्याकाळी ते नाव नीट बांधली आहे का बघायला लव्हाळीत शिरले. नाव नीट बांधलेली होती. शेजारी त्यांची उजवी चप्पल होती. बाकी बाबा, डाव्या चपलेसकट, सापडले नाहीत. त्या काठावर असं अधूनमधून व्हायचं. लोक शोधायचे, मग शोधणं बंद करायचे. आईनं शोधणं बंद केलं पण हाक मारणं चालू ठेवलं. रोज संध्याकाळी मागच्या दारात एकदा हाक, मग आत येऊन माझं ताट. मला बरेच दिवस वाटायचं, सगळ्याच घरांत जेवायच्या आधी असं म्हणतात.

मग पूल आला आणि काठावरची सगळी घरं उचलून खात्यानं बांधलेल्या एका इमारतीत ठेवली. आम्हाला चौथा मजला मिळाला. तिथे आईनं हाक मारणं सोडून दिलं. मला बरं वाटलं. पण नंतर लक्षात आलं, की तिनं हाक सोडली होती, बाबा नाही.

"इथून ओरडून काय उपयोग?" ती भाजी चिरता चिरता म्हणायची. "त्यांना पत्ताच माहीत नाही."

"आई, बाबा…"

"तू गप. तुला काय माहिती, तू रांगत होतीस." तिचं म्हणणं, जुन्या घराच्या जागी नव्या पत्त्याची पाटी लावावी. जुन्या घराच्या जागी पुलाचा खांब होता, नेमका स्वयंपाकघरात. मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, खांबांवर जाहिराती चालत नाहीत.

तर अशी आमची दोघींची ओढाताण. मला हवं होतं की तिनं वाट बघणं थांबवावं. तिला हवं होतं की बाबांना पत्ता कळावा.

स्पीकर लावायला लागल्यावर काही दिवसांनी, सकाळी पोकलेनमामांनी मला हात करून बोलावलं. पाण्यातून निघून स्पीकरच्या खांबापर्यंत, ओल्या गाळात पावलं उमटली होती.

"चोर," मी म्हटलं.

"चोर पाण्यातून येतो?"

"पोहणारा चोर."

"मग गेला कुठून? बघ नीट. आलेली आहेत, गेलेली नाहीत." त्यांनी बिडी शिलगावली. "आमच्या मेव्हण्यासारखा दिसतोय. येतो, पण जात नाही."

मी वाकून पाहिलं. डाव्या पावलाला चप्पल होती. उजवं अनवाणी होतं.

मी मामांना एवढंच म्हटलं, चला, कामाला लागू.

दुसऱ्या सकाळी पावलं पुन्हा होती. तिसऱ्या सकाळीही. नेहमी पाण्याकडून खांबाकडे, आणि खांबाशी एकाच जागी थोडा वेळ उभं राहिल्यासारखा दबलेला गाळ. बेडूकताईला माणसाबिणसात रस नव्हता. ती पालथी पडून एका ठशात डोकावत होती. ठशात पाणी साचलं होतं आणि पाण्यात बेडकांची अंडी होती, साबुदाण्यासारखी.

"घातली गं घातली!" ती ओरडली. "बाकी एवढं मोठं तळं सोडून पावलातच घातली! साहेब, इथून कुणीतरी आणखी चालायला हवं!"

साहेबांनी विचारपूर्वक मान हलवली. "चालणारा कोण आहे?"

"माहीत नाही."

"पगारावर आहे का?"

"नाही."

"मग चालू दे."

मी घरी गेले की आई विचारायची, आज कामावर काय झालं? मी म्हणायचे, अंडी घातली. कुणी? बेडकांनी. बरं झालं, ती म्हणायची, आणि खिडकीतून पुलाकडे बघत बसायची. एकदा सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं. पण सांगून काय झालं असतं? ती तिथे जाऊन बसली असती. मग ऊन नाही, पाऊस नाही, गुडघे नाहीत, मी नाही. पाण्याकडून येणाऱ्या माणसाची वाट बघणारं माणूस हळूहळू पाण्याच्या जवळ सरकतं, एवढं मला कळत होतं.

म्हणून मी आईचा आवाज कापला. साहेबांना न विचारता. त्या संध्याकाळी स्पीकरवर बेडूक ओरडले, रातकिडे ओरडले, पाण्यात बुडुक झालं आणि मग नुसती खरखर. मी खूश होऊन घरी गेले.

सकाळी खांबाभोवतीचा गाळ मळलेल्या कणकेसारखा झाला होता. कुणीतरी गोल गोल फिरलं होतं, खूप वेळ. मग पावलं फाटकाकडे गेली होती. मग रस्त्यावर. डांबरावर चिखलाचे ठसे वाळत चालले होते: चप्पल, पाऊल, चप्पल, पाऊल.

पोकलेनमामा आणि मी जीपमधून त्यांच्या मागे निघालो. जीप मीच चालवत होते, पण हळू, कारण पुढे कुणी असेल तर त्याला ठोकायला नको. मामा एकदाही चेष्टा करत नव्हते, आणि त्यांचं चेष्टा न करणं मला पावलांपेक्षा जास्त घाबरवत होतं.

ठसे पुलापाशी गेले. खाली उतरले. आणि खांबाभोवती, आमच्या स्वयंपाकघरातल्या खांबाभोवती, फिरत राहिले. तिथे बाकी सगळं कोरडं होतं. फक्त खांबावर, आपण दार ठोठावतो त्या उंचीवर, काँक्रीट ओलं होतं. पाचसहा ठिकाणी. बोटांच्या पेरांएवढं.

"इथे दार होतं का?" मामांनी विचारलं.

"हो."

"हं." ते म्हणाले. "मग बरोबर आहे."

मी त्यांना बजावलं, आईला काही सांगायचं नाही. पोकलेनमामा आमच्याच इमारतीत तळमजल्यावर भाड्यानं राहायचे आणि त्यांच्या पोटात काहीही टिकत नसे, अंडं सोडून. दुपारी मी घरी आले तेव्हा आई बाहेर जायच्या कपड्यांत खुर्चीवर बसली होती. मांडीवर घडीचं स्टूल.

"उजवा पाय अनवाणी होता?" तिनं विचारलं.

"आई, ऐक…"

"एवढंच विचारते. उजवा?"

"हो."

"जीप काढ."

"साहेबांना विचारावं लागेल. बाहेरच्या माणसाला आत घेता येत नाही."

"मी बाहेरची? तुझ्या भोंग्यात आतापर्यंत फुकट ओरडत होते ती कोण?"

साहेबांनी परवानगी दिली. म्हणाले, मूळ आवाज स्वतः येत असेल तर अडवायचं कशाला.

सूर्य वीटभट्टीच्या धुराड्यामागे गेला होता. पाणी मातकट आणि अगदी सपाट होतं. आईनं काठावर स्टूल मांडलं आणि बसली. मी सवयीनं स्पीकरकडे गेले तर म्हणाली, "राहू दे ते. मी जिवंत आहे ना अजून?" मग तिनं घसा खाकरला. इतक्या दिवसांनी हाक मारताना ती थोडी लाजली, हे मी पाहिलं.

"अहो! ताट वाढलंय. या आता."

ताट नव्हतंच. पण लव्हाळी हलली. वारा नव्हता.

काठाच्या गाळात एक पाऊल उमटलं. आपण पिठात बोट दाबतो तसं, वरून कुणी नसताना. मग दुसरं. मग डावीकडे, बऱ्याच लांब, तिसरं उमटलं, आणि ते बुटाचं होतं. मग ओंडक्यापाशी एक जोडी, दोन्ही अनवाणी, रुंद. मग वाळुंजीखाली टाचेला खिळे मारलेल्या वहाणांची. लव्हाळी ठिकठिकाणी दुभंगत होती आणि गाळावर चप-चप आवाज करत सगळीकडून पावलं आईच्या दिशेनं येत होती.

पोकलेनमामा केबिनमध्ये चढले आणि काच वर करून बसले. बेडूकताईनं माझा दंड घट्ट धरला. साहेब तेवढे उभे होते, हात मागे बांधून.

"यांच्यातले तुमचे कोणते?" त्यांनी आईला हळूच विचारलं, लग्नातल्या पंगतीत विचारावं तसं.

आईचा चेहरा पांढरा पडला होता. "मी नुसतं अहो म्हटलं," ती पुटपुटली. "काठावर आम्ही सगळ्याच अहो म्हणायचो."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या काठानं बाबांना एकट्याला नेलं नव्हतं. आणि आम्ही गाळ आणला होता तो सगळ्याच काठाचा. न चाळता. जसं होतं तसं.

पावलं जवळ येत होती. स्टुलाच्या पायांभोवती गाळ ओला चकाकायला लागला.

"आई, उठ. चल."

ती उठली नाही. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि बाबांचं नाव घेतलं.

मी ते तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. शाळेत माझ्या नावाच्या मधोमध ते असायचं, पण ते हजेरीपुरतं. आईनं घेतलं तेव्हा ते एखाद्या अनोळखी तरुण मुलाचं नाव वाटलं. ते मी इथे लिहिणार नाही. कुठे बसून कोण मोठ्यानं वाचेल, सांगता येत नाही.

सगळी पावलं थांबली. एकदम, रस्त्यात आपल्याला कुणी हाक मारली वाटावं आणि ती दुसऱ्याला असावी, तशी ओशाळून थांबली. फक्त एक जोडी पुढे आली. चप्पल, पाऊल, चप्पल, पाऊल. आईच्या समोर हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. तिथे कुणी दिसत नव्हतं. पण त्या जागेच्या मागची लव्हाळी जरा वाकडी दिसत होती, काचेच्या भांड्यातून दिसते तशी.

आई बराच वेळ बघत राहिली. आणि मग माझ्या आईनं, जिनं माझं आख्खं आयुष्य ह्या क्षणाची वाट पाहण्यात घालवलं होतं, कडाक्याचं भांडण काढलं.

"लाज नाही वाटत? घसा फुटेपर्यंत ओरडले मी. थंडी-पावसात ओरडले, ताप अंगात असताना ओरडले. तेव्हा नाही आलात. आणि आता खांबावरच्या डब्यानं बोलावलं तर लगेच? डब्याचं ऐकता? मी मेलेली होते का?"

साहेबांनी मान खाली घातली. बहुधा त्यांच्याही घरी असं बोलणं व्हायचं.

"बोला ना! एक दिवस तरी यायचं होतं दारापर्यंत. एक…"

ती मध्येच थांबली. समोरच्या दोन ठशांकडे बघत होती. त्यांत पाणी पाझरून वर येत होतं आणि कडांवरून ओघळत होतं. तिनं खाली वाकून पाहिलं, आणखी वाकून.

"मागची पायरी," ती म्हणाली.

"काय आई?"

"मागची पायरी रोज सकाळी ओली असायची. अशीच. मी म्हणायचे, जमिनीतून ओल येते, कसलं मेलं हे नदीकाठचं घर." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "रोज पुसायचे मी. तू उठायच्या आत. चिडून चिडून पुसायचे."

पाण्यात कुठेतरी एक बेडूक ओरडला आणि बेडूकताईनं, तिचं आयुष्यभराचं स्वप्न पुरं होत असताना, त्याच्याकडे लक्षही दिलं नाही.

आईनं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि कामाचं बोलायला लागली. बाबा जरा बहिरे होते म्हणे, म्हणून मोठ्यानं. "नीट ऐका. आता ते घर नाही. पूल उतरला की उजवीकडे पिवळी इमारत. लिफ्टचं दार ओढून घ्यावं लागतं, नाही तर ती हलत नाही. जिन्यानं आलात तरी चालेल, घाई तुम्हाला कधी नव्हतीच. चौथा मजला, डावं दार. बेल बिघडलीये. ठोका." आणि मग तिनं ते सगळं पुन्हा एकदा सांगितलं, आणखी मोठ्यानं.

लव्हाळीत ते बाकीचे सगळे अजून उभे होते. अगदी शांत. इतकी शांतता मी त्या जागी कधी ऐकली नव्हती, आणि मला तिथल्या सगळ्या शांतता पाठ होत्या.

परत येताना जीपमध्ये आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि पूल येईपर्यंत तो तसाच होता. त्या रात्री ती घोरली. मीही मेल्यासारखी झोपले.

सकाळी उजाडता उजाडता तिनं मला हलवलं. तोंडावर बोट. मी तिच्या मागून दारापर्यंत गेले. उंबऱ्याबाहेर, फरशीवर, ओली पावलं होती. दाराकडे तोंड करून. आईनं त्यांच्याभोवती घरातल्या वाट्या पालथ्या मांडल्या होत्या, कुणाचा पाय पडू नये म्हणून, आणि आता ती शेजारी मांडी घालून बसली. हात लावत नव्हती. नुसती बसली होती, लग्नाला निघालेल्या बाईसारखी नटून.

"आले बघ," ती म्हणाली.

मी पण बसले. बाबांच्या शेजारी बसायची ही माझी पहिलीच वेळ. काय बोलायचं असतं ते सुचेना, म्हणून मी म्हटलं, "लिफ्टनं आलात की जिन्यानं?" आई हसली. मला वाटलं, संपलं. आता सगळं बरं होणार.

तेवढ्यात खालच्या मजल्यावर बादली ठेवल्याचा आवाज आला.

"अगं बाई, दारातच पाणी!" तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज. ह्या काकू काठावर आमच्या पलीकडच्या घरात राहायच्या. काका त्यांना लग्नानंतर दोनच वर्षं लाभले, मग तेही लव्हाळीत गेले ते गेलेच. "कुठून गळतंय मेलं हे? नवीन इमारत म्हणे!"

"आमच्याकडेही आहे!" आणखी खालून कुणीतरी ओरडलं. "उंबऱ्यापाशीच! फडकं आणते थांबा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. काल संध्याकाळी लव्हाळीत उभं राहून पत्ता किती जणांनी ऐकला होता, ते आम्हा दोघींना एकाच वेळी उमगलं.

"पुसू नका!" आई ओरडली. वाट्या उडाल्या. गुडघ्यांमुळे देवळाच्या पायऱ्यासुद्धा टाळणारी माझी आई, कठडा धरून, दोन दोन पायऱ्या एकदम उतरत खाली धावत सुटली. "काकू! पुसू नका! नाव घ्या आधी, नाव घ्या!"

आणि तिसऱ्या मजल्यावरून बादलीत फडकं पिळल्याचा आवाज आला.